हजेरी, जबाब आणि आत्मकथन

१

मराठीत ‘हजेरी घेणे’ या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. शाळेत, गिरणीत किंवा कामावर कोण आले आणि कोण नाही याची नोंद करणे हा पहिला. एखाद्याला फैलावर घेणे हा दुसरा. ‘उचलणे’ या क्रियापदाचीही अशीच गत आहे. चोर पाकीट उचलतो आणि पोलीस चोराला उचलतात. क्रियापद एकच, कर्ते दोन. परंतु पहिल्या कर्त्याच्या वाट्याला त्या क्रियापदापासून घडलेले जातिनाम येते, ‘उचल्या’. दुसऱ्याच्या वाट्याला असे कोणतेही नाम येत नाही. कोण नामाने ओळखला जावा आणि कोणाची कृती केवळ क्रियापदात विरून जावी, हे भाषा परस्पर ठरवत नाही. तिच्यामागे कायदा, चावडी आणि ठाणे यांनी मिळून केलेली दीर्घ मेहनत असते.

ज्यांना कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले त्या जमातींविषयीचे, आणि पुढे त्या जमातींतूनच आलेले, मराठी लेखन बहुधा ‘दाहक अनुभव’, ‘विदारक वास्तव’, ‘अस्सल बोली’ अशा शब्दांत गौरवले गेले. गौरवाची ही परिभाषा प्रामाणिक होती. परंतु अनुभवाची तीव्रता मोजण्याच्या भरात तिने या लेखनाचा रूपबंध कशातून घडला हा प्रश्न बाजूला ठेवला. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन शेजारी ठेवून वाचले, तर या प्रश्नाचे एक उत्तर हाती लागते. शासनयंत्रणेने या समाजांवर दोन लेखनप्रकार लादले होते: हजेरीचे रजिस्टर आणि पोलिसांपुढचा जबाब. पहिल्यात माणूस केवळ नाव म्हणून येतो. दुसऱ्यात तो ‘मी’ म्हणून बोलतो. दोन्हींमध्ये लेखणी मात्र दुसऱ्याच्या हातात असते. ‘फकिरा’ हे रजिस्टरला दिलेले उत्तर आहे आणि ‘उचल्या’ हे प्रामुख्याने जबाबाला दिलेले. दोन्ही संहितांच्या निवेदनपद्धतीतील अंतर या भेदातून स्पष्ट होऊ शकते.

२

या दोन लेखनप्रकारांचे कायदेशीर मूळ लागोपाठच्या दोन वर्षांत सापडते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एखाद्या टोळीला, जमातीला किंवा वर्गाला गुन्हे करण्याची सवयच आहे असे ठरवून तिला ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित करण्याचा अधिकार शासनाला दिला. अशा जमातीतील माणसांची नोंद दंडाधिकाऱ्याच्या रजिस्टरमध्ये होई. नेमून दिलेल्या जागी राहणे, ठरलेल्या वेळी हजर होणे, परवान्यावाचून हद्द न ओलांडणे ही बंधने त्यांच्यावर येत. गावचे मुखिया, जमीनदार आणि पहारेकरी यांच्यावरही पाळतीची व खबर देण्याची जबाबदारी होती. अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्याची वाट कायद्यानेच बंद केलेली होती. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये नव्या स्वरूपात ब्रिटिश हिंदुस्थानच्या इतर प्रांतांनाही लागू करता येईल असा झाला, आणि मुंबई इलाखा त्याच्या कक्षेत आला. १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले.

लगेच पुढच्या वर्षीचा, १८७२ चा, भारतीय पुरावा कायदा अगदी वेगळ्या वृत्तीचा दिसतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे त्याचे २५ वे कलम सांगत होते. म्हणजे ती कबुली कशी मिळवली जाते हे राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते. मात्र २७ व्या कलमाने एक फट ठेवली: आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरावा. पुरावा कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हेच १८७१ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातील विधी सदस्य होते. एकाच कारकिर्दीत पोलिसांवर अविश्वास दाखवणारा कायदा झाला आणि संपूर्ण जमाती पोलिसांच्या स्वाधीन करणाराही झाला. यात विसंगती वाटते, पण ती वरवरची आहे. पुरावा कायदा व्यक्तीला उद्देशून होता. गुन्हेगार जमाती कायद्यापुढे व्यक्ती नव्हतीच. जिथे जन्म हाच पुरावा, तिथे कबुलीची गरज काय?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. जमातींचे नाव ‘विमुक्त’ झाले. म्हणजे मुक्तीच्या शब्दातही कैदेची आठवण शिल्लक राहिली. राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे केले; मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ मध्ये आला. हे कायदे व्यक्तीला लागू होणारे होते आणि पूर्वीची शिक्षा झालेली असणे हा त्यांचा आधार होता, हा फरक लहान नाही. तरीही ‘सराईत’ हे विशेषण माणसाने काय केले यापेक्षा तो काय आहे हे सांगते. कायदा बदलला; ठाण्यातले व्याकरण तेच राहिले.

३

‘फकिरा’मधील हजेरी ही या रजिस्टरची कथारूप उपस्थिती आहे. वाटेगावच्या मांगांवर हजेरी लादली जाते तेव्हा निवेदक तिचे वर्णन प्रशासकीय तपशील म्हणून करत नाही. ती त्यांच्या इभ्रतीवरचा घाला म्हणून येते. रोज चावडीवर जाऊन आपण अजून चोरी केलेली नाही हे आपल्या देहाने सिद्ध करायचे, अशी ही रचना आहे. ज्या गावासाठी राणोजीने जोगणीच्या वाटीपायी प्राण दिला, त्याच गावच्या चावडीवर त्याच्या मुलाच्या भाऊबंदांना रांगेत उभे राहावे लागते. गावाच्या मानासाठी मरणारा आणि गावाच्या संशयात जगणारा समाज एकच आहे, हा अंतर्विरोध कादंबरीच्या केंद्राशी आहे.

अण्णा भाऊंचे उत्तर वीरगाथेचे आहे. तृतीयपुरुषी सर्वसाक्षी निवेदक, शाहिरी वेग, पराक्रमाच्या प्रसंगांची साखळी, आणि दुष्काळात भुकेने मरण्याऐवजी धान्य लुटून सर्वांना वाटणारा नायक. ही घटकयोजना काही समीक्षकांना भाबडी वाटत आली. परंतु रजिस्टर नावाच्या लेखनप्रकाराशी तिची तुलना केली, तर तिचे प्रयोजन उमगते. रजिस्टरमध्ये सगळी नावे सारखी असतात. प्रत्येक नावापुढे एकच खूण, हजर किंवा गैरहजर. पराक्रम, नातेसंबंध, शब्द पाळणे, उपकार स्मरणे यांना तिथे रकाना नसतो. वीरगाथा नेमके हेच रकाने भरते. ती एका नावाला बाप देते, आई देते, घोडा देते, मित्र देते, कीर्ती देते. सगळ्यांना एकाच मापाने मोजणाऱ्या नोंदीला अतिशयोक्त व्यक्तिमत्त्वाने दिलेला हा जबाब आहे, आणि त्यातली अतिशयोक्ती ही उत्तराची गरज आहे.

कादंबरीचा शेवट या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. आपल्या माणसांना सरकारने वेठीस धरलेले पाहून फकिरा स्वतःहून शरण जातो. मराठीत पोलिसांना शरण जाण्याला ‘हजर होणे’ म्हणतात. ज्याने हजेरी मोडली तोच अखेर हजर होतो. परंतु हे हजर होणे त्याने स्वतः निवडलेले आहे, दुसऱ्यांच्या सुटकेसाठी आहे आणि एकदाच आहे. हजेरीची शिक्षा तिच्या रोजच्या पुनरावृत्तीत असते. फकिराची अखेरची हजेरी पुनरावृत्तीच्या बाहेर पडते, म्हणून ती शोकात्म ठरते.

मात्र या उत्तराची एक मर्यादा आहे. वीरगाथेला समोर शत्रू लागतो. ‘फकिरा’मधील सत्तेला चेहरा आहे: परका साहेब, त्याचा खजिना, त्याला सामील असलेले गावातले खल. चेहरा आहे म्हणून सामना आहे. साहेब गेल्यावर आणि कायदा रद्द झाल्यावरही चाबूक थांबला नाही, तर त्याचे कथन कोणत्या रूपात करायचे? हा प्रश्न ‘फकिरा’च्या कक्षेबाहेर राहतो.

४

‘उचल्या’ तेथून सुरू होते. गाव, घर, जमीन, जन्मतारीख यांच्या अभावाची नोंद करतच निवेदक स्वतःची ओळख देतो. हा आरंभ सरकारी अर्जाच्या रकान्यांसारखा आहे. फरक इतकाच, की इथे प्रत्येक रकान्यापुढे ‘नाही’ आहे. लातूर तालुक्यातील धनेगावच्या या कुटुंबात आजोबांनी हजेरी भोगलेली आहे. पाटलाला विचारल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकता येत नाही, ही त्यांची जगण्याची अट आहे. नातवाच्या वाट्याला कायद्याने हजेरी नाही. तरीही कुठे चोरी झाली की पोलीस याच वस्तीत शिरतात, घरातल्या बायाबापड्यांनाही मारतात, गुन्हा कोणाचा हे नंतर ठरते. रजिस्टर फाटले, पण ते ठाण्याच्या स्मरणात पाठ होते.

याच घरातल्या मुलाला शाळेत घातले जाते आणि आत्मकथनात दुसरी हजेरी प्रवेश करते. आजोबांची हजेरी संशयाची होती. नातवाची हजेरी मान्यतेची असायला हवी. पहिल्या रजिस्टरमध्ये नाव असणे हा कलंक, दुसऱ्यात असणे हा हक्क. परंतु उचल्याचा पोर शाळेत जाऊ लागला म्हणून गावात मुलांना हगवण-वांती लागली, असा बोभाटा होतो. एका रजिस्टरमधून नाव कमी होऊ न देणारा समाज दुसऱ्या रजिस्टरमध्ये नाव चढू देत नाही. लेखक या प्रसंगावर भाष्य करत नाही, तो पुढच्या हकिकतीकडे वळतो. शाळेची हजेरी आणि चावडीची हजेरी यांचा संबंध वाचकाला स्वतः जोडावा लागतो. या लेखनात कारागिरी नाही असे म्हणणाऱ्यांनी असे मोकळे सोडलेले सांधे पाहावेत.

सत्तेच्या आधुनिक स्वरूपाविषयी बोलताना मिशेल फुकोच्या १९७५ मधील ग्रंथाचा आधार घेण्याची प्रथा मराठी समीक्षेत रुजली. देहदंडाच्या जाहीर सोहळ्याकडून पाळत, नोंद आणि शिस्त यांकडे शिक्षेचा प्रवास झाला, असे त्यातील विवेचनाचे ढोबळ सूत्र. ‘उचल्या’ या सूत्राला जसेच्या तसे मान्य होणारे नाही. इथे नोंद आली म्हणून काठी गेली नाही. नोंद काठीला पत्ता पुरवते. काठी नोंदीला मजकूर पुरवते. शिवाय शिस्त लावणाऱ्या यंत्रणेला इथे शिस्त नकोच आहे. चोरीच्या मालातला वाटा पोलिसांनाही पोचतो, हे आत्मकथन स्पष्ट सांगते. उचल्या सुधारला तर वाटा बंद होईल. उचल्या मोकळा सुटला तर धाक संपेल. म्हणून तो चोर राहावा आणि वरचेवर सापडावा, अशीच व्यवस्थेची गरज आहे. कायद्याची कठोर अंमलबजावणी आणि कायद्याचा भंग यांचा हा एकत्र संसार पाश्चात्य सिद्धांतापेक्षा धनेगावच्या हकिकतीतून अधिक नेमका कळतो.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) या चित्राला आणखी एक बाजू मिळते. कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते, तेव्हा गावाचा प्रत्येक मानकरी त्याच्यावर हुकूम चालवू शकतो. आणि त्याच कुटुंबातील तरुण जातीबाहेर लग्न करतो तेव्हा जातपंचायत त्याच्यावर हुकूम चालवते. ज्यांना कोणतेही न्यायालय जवळ करत नाही ते आपले न्यायालय उभारतात, आणि तेही दंड व बहिष्कार याच भाषेत बोलते. पीडितांच्या आतल्या या सत्तेकडे पाठ न फिरवणे हे या आत्मकथनांचे नैतिक बळ आहे.

५

आता दुसऱ्या लेखनप्रकाराकडे, जबाबाकडे, वळता येईल.

मराठी रंगभूमीवर जबरीच्या कबुलीचे सर्वांत परिचित दृश्य विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) आहे. रात्री बाहेर पडायला परवाना, आणि चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाची तापलेल्या लोखंडाने घेतलेली परीक्षा. प्रेक्षक हादरतो, कारण दृश्यातील माणूस त्याच्या दृष्टीने आधीपासून नागरिक आहे. त्याला परवाना मागितला जाणे हाच अपमान आहे. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या बाबतीत हा ‘आधी’च नव्हता. परवाना हीच त्यांची पहिली ओळख होती. म्हणून ‘घाशीराम’मधला जुलूम अपवाद म्हणून, सोहळा म्हणून दाखवता येतो, ‘उचल्या’मधला जुलूम दिनक्रम म्हणूनच सांगावा लागतो. तेच प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, छापा, मार, सुटका, पुन्हा छापा, ही वाचकाची तक्रार खरी आहे. पण पुनरावृत्ती हा इथे रचनेचा दोष नसून तोच आशय आहे.

‘उचल्या’तील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मुलांच्या तयारीचा आहे. चोरीचे शिक्षण देताना मुलाला मारून मारून मार सोसायची सवय लावली जाते, ती त्याने पोलिसांपुढे नाव घेऊ नये म्हणून. जो सोसतो आणि बोलत नाही तो खरा. म्हणजे या समाजात प्रतिष्ठा न बोलण्याला आहे. ‘मी’ असे म्हणून वाक्य सुरू करणे हीच मुळी हार आहे, कारण ‘मी’ने सुरू होणारे लिहिलेले वाक्य या समाजाला एकाच ठिकाणी भेटले होते: ठाण्यात, अंगठ्याच्या वर. ते वाक्य शिपाई बोलीतून कागदी मराठीत उतरवी, आणि ज्याच्या नावाने ते लिहिले त्याला ते वाचता येत नसे.

या पार्श्वभूमीवर एखाद्या उचल्याने आत्मकथन लिहिणे म्हणजे काय, याचा विचार क्वचितच झाला. आत्मचरित्राची परंपरा सामान्यतः प्रथमपुरुषाला सहज उपलब्ध मानते. इथे तो प्रथमपुरुष परत मिळवावा लागतो, आणि तोही समाजाच्या सर्वोच्च मूल्याशी, मौनाशी, फारकत घेऊन. लेखक आपल्या घरातल्या चोऱ्या सांगतो, पद्धती सांगतो, नात्यातल्या माणसांविषयी सांगतो. जे बापाने, भावाने हाडे मोडली तरी सांगितले नाही ते तो पुस्तकात छापतो. ही फितुरी म्हणायची काय? या प्रश्नाला बगल देऊन केलेला कोणताही गौरव वरवरचा आहे.

उत्तर जबाब आणि आत्मकथन यांच्या रचनेतील फरकात शोधावे लागेल. जबाब मागे चालतो: माल सापडला, आता हकिकत लिहा. त्याला एक घटना आणि एक दोषी पुरतो. कारणे त्याच्या कक्षेबाहेर असतात. आत्मकथन पुढे चालते: भूक, मग चोरी, मग मार, मग वाटा, मग पुन्हा भूक. जबाबात पोलीस हा लेखनिक असतो, म्हणून तो मजकुरात कधीच येत नाही. आत्मकथनात तो पात्र होतो. चोरीची कबुली दोन्हीकडे आहे. परंतु इथे कबुली देणारा लेखनिकालाही कबुलीत ओढतो. पुरावा कायद्याने ज्या कबुलीवर अविश्वास दाखवला तिचा अविश्वसनीय भाग, म्हणजे ती कशी घेतली गेली, तोच आत्मकथनाचा विषय होतो. त्यामुळे मौन मोडले तरी त्या मौनामागचा हेतू मोडत नाही. बाप नाव घेत नव्हता ते माणसे वाचवण्यासाठी. मुलगा सगळे सांगतो तेही त्याचसाठी.

६

या वाचनानंतर ‘उचल्या’च्या उणिवाही अधिक नेमकेपणाने सांगता येतात. सूतगिरणीतील कामगार आणि पुढे कार्यकर्ता होत गेलेला निवेदक उत्तरार्धात सभा, मोर्चे, निवेदने यांच्या तपशिलात शिरतो, तेव्हा गद्य अहवालाकडे झुकते. ज्या कागदी भाषेपासून प्रथमपुरुष सोडवून आणला, तिचीच एक सौम्य आवृत्ती चळवळीच्या मार्गाने परत येते. स्त्रियांचे सोसणे पानोपानी दिसते, पण त्यांचे बोलणे त्या मानाने ऐकू येत नाही. पोलिसांच्या रजिस्टरने त्यांना कुटुंबाचा भाग म्हणून मोजले. आत्मकथनही कित्येकदा तसेच मोजते.

मात्र याहून मोठी उणीव समीक्षेच्या बाजूची आहे. मध्यमवर्गीय आत्मचरित्रांना शैली, स्मृती, आत्मशोध यांविषयी प्रश्न विचारले गेले. या आत्मकथनांना मुख्यतः एकच प्रश्न विचारला गेला: हे खरे आहे काय? ते ‘दस्तऐवज’ म्हणून स्वीकारले गेले, समाजशास्त्रीय सामग्री म्हणून त्यांची उपयुक्तता नोंदली गेली. १९८१ मध्ये ‘उपरा’ला आणि १९८८ मध्ये ‘उचल्या’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यानंतरही ही वृत्ती फारशी बदलली नाही. सत्यतेची खातरजमा करणारा वाचक नकळत चौकशी अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसतो, लेखकाला समोर उभा करतो आणि पुस्तकाचा पंचनामा करतो. जबाबातून सुटलेल्या ‘मी’ला पुन्हा जबाब द्यायला लावणारी ही वाचनपद्धती सद्भावनेपोटी आली असेल, तिची रचना मात्र ठाण्याची आहे.

हा केवळ जुना हिशेब नाही. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा विमुक्त जमातीतील तरुण पोलीस कोठडीतील मारहाणीनंतर मरण पावला. महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्यासह लक्ष्मण गायकवाडही त्या वर्षी उभ्या राहिलेल्या विमुक्त-भटक्यांच्या हक्कांच्या देशव्यापी मोहिमेत होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या उल्लेखांवर कठोर बोट ठेवले, आणि तुरुंगातील कैद्यांच्या रजिस्टरमधून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. १८७१ मध्ये सुरू झालेल्या एका लेखनप्रकाराचा एक रकाना खोडायला १५३ वर्षे लागली.

त्या रकान्याविरुद्धचा युक्तिवाद मराठी साहित्यात १९५९ पासून लिहिलेला होता. एकाने तो रकाना नायकाच्या कीर्तीने भरून टाकला, दुसऱ्याने रकाना भरणाऱ्यालाच मजकुरात आणले. समीक्षेने या दोन कृती साहित्यकृती म्हणून वाचायच्या, तर तिला आधी स्वतःच्या हातातले हजेरीपुस्तक खाली ठेवावे लागेल.